आक्का म्हणाली, फाइन

मंगळवार, रात्र

आक्काला फोन केला, नेहमीसारखा साडेआठला. "कशी आहेस?" म्हटलं, तर म्हणाली, "फाइन." मागे मालिकेचा आवाज. मग "ठेवू का?" आणि ठेवलाच. एक मिनिट चार सेकंद.

तेव्हापासून काही सुचत नाहीये. आक्का आणि फाइन! शहात्तर वर्षांची झाली, आजवर कधी "बरी आहे"शिवाय दुसरं काही म्हणाली नाही. आणि ते "बरी आहे" तरी किती तऱ्हांचं! "बरी आहे गंऽ" असं लांबवलं की समजायचं, गुडघा सुजलाय. "बरीये" असं तोडून टाकलं की घरात कुणाशी तरी वाजलंय. "बरं चाललंय" म्हटलं की महिनाअखेर. "तशी बरी" म्हणाली की मी दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्याच्या जिन्यात हजर. तिच्या "बरं"मधून मला तिचं घर दिसायचं, चहाचं आधण ठेवलेलं कळायचं. आजच्या फाइनमधून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. दार लावून घ्यावं तसं वाटलं.

शेवटी कपाटावरचा इंग्रजी कोश काढला. प्रुफं तपासायचं सोडून सहा वर्षं झाली तरी शब्द अडला की हात तिकडेच जातो. मुळाशी लॅटिनमधला 'फिनिस' निघाला. फिनिस म्हणजे शेवट. फिनिश, फायनल, फायनान्ससुद्धा त्याच घरातले. शेवटाला नेलेलं ते पूर्ण, पूर्ण ते उत्तम, उत्तम ते शुद्ध, आणि शुद्ध करत करत नाजूक, बारीक. शब्द असा पायरी-पायरीने उतरत आलाय. पाश्चात्त्य संगीताच्या नोटेशनमध्ये तुकडा जिथे संपवायचा तिथे हीच अक्षरं असतात. इटालियन शब्द तो, उच्चार फीने, अर्थ समाप्त.

ते वाचून रडूच आलं. म्हणजे आक्का मला "समाप्त" म्हणाली? बावधनला गेल्यापासून तिला माझी गरज उरलेली नाही, असं मनात आलं. तिथे लिफ्ट आहे, नातवंडं आहेत, कामाला दोन बायका आहेत. मी काय, साडेआठचा फोन. सह्या झाल्या त्या दिवशी मी गप्प बसले, ते तिच्या मनात असेल का? जाऊ दे.

यांना विचारलं, क्रिकेटमधलं फाइन लेग म्हणजे काय हो? टीव्हीवरची नजर न काढता यांनी नीट समजावलं. फलंदाजाच्या मागे, लेगच्या बाजूला. क्षेत्ररक्षक यष्ट्यांच्या सरळ रेषेला जितका जवळ तितका फाइन, बाजूला सरकला की स्क्वेअर. म्हणजे तिथेही बारीकच, कोन बारीक. सराफाकडे फाइन म्हणजे शुद्ध सोनं. 916चा शिक्का असतो तो हजारात 916 भाग शुद्ध, बावीस कॅरेट. आक्काच्या पाटल्यांवर शिक्का नव्हता, आईच्या वेळच्या त्या. त्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही. मुलं चित्रकला शिकायला जातात ते फाइन आर्ट. करारातली बारीक अक्षरं ती फाइन प्रिंट, आणि ती मी आयुष्यभर भिंगाखाली वाचली. फक्त एकदाच वाचली नाहीत.

आणि दंड. दंडावर आले आणि थांबले.

वर लिहिलंय की आक्का "बरी"शिवाय काही म्हणाली नाही. "कशी आहेस"पुरतं ते खरं, पण फाइन हा शब्द तिच्या तोंडून मी आधी ऐकलाय. मी सहावीत असेन. वाचनालयाचं पुस्तक माळ्यावर राहून गेलं होतं, दीड महिना. आईला सांगायची छाती नव्हती. रोज शाळेतून येताना वाचनालयाच्या दारावरून जायला नको म्हणून मी मागच्या बोळातून यायची. आक्काने कसं ओळखलं कोण जाणे. शिकवणीच्या पैशातून तिने ते भरले, आणि रात्री अंथरुणं घालताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "फाइन भरला. मिटलं. आता झोप."

कोश पुन्हा उघडला. दंड या अर्थाचा फाइनही त्याच फिनिसचा. मध्ययुगात इंग्लंडमध्ये तंटा तडजोडीने संपवताना जी रक्कम द्यायची ती फाइन. पैसे दिले, वाद संपला. शिक्षेचा अर्थ नंतर चिकटला. आक्काला लॅटिन कुठून येणार? पण अर्थ तिने नेमका तोच सांगितला होता. मिटलं.

मग आजचंही तसंच असेल का? बाकी सगळी समोर बसलेली, टीव्ही चालू, आणि मी रोज खोदून खोदून विचारणार. काहीतरी तिने स्वतःशी मिटवलं असेल आणि मला त्यातून सोडवलं असेल. किंवा नातवाकडून नवा शब्द उचलला असेल आणि तो तिला आवडला असेल. शहात्तराव्या वर्षी तिच्याकडे माझ्या ओळखीचा नसलेला एक शब्द असला तर मी का म्हणून घाबरावं? तिच्या गुडघ्याचा हिशेब तिने मला रोज द्यावा, हा हट्ट माझाच.

तरी झोप येत नाहीये.

बुधवार, दुपार

भाजणी दळून आणली. गिरणीवाल्याने विचारलं, जाड की बारीक? आक्का चिमटीत घेऊन अंगठ्याने घासून बघायची, कणी लागली की परत दळायला लावायची. मीही तसंच केलं. लागली नाही.

घरी येऊन फोन केला. साडेआठची वाट बघितली नाही. कशी आहेस, असं विचारलं नाही. म्हटलं, "शनिवारी चारला येते. डेक्कनहून मेट्रोने वनाजपर्यंत, पुढे रिक्षा. चकलीची भाजणी आणतेय."

"बरं," आक्का म्हणाली. जरा थांबली. "येताना कढीपत्ता आण गं. इथला पिशवीतला असतो, वासच नाही त्याला. आणि हे बघ, लिफ्टने वर ये, पण मला खालीच भेट आधी. बाकावर बसते मी चारला."