राणीच्या गालावरचे खड्डे

"डाग नाहीत ते, ठोके आहेत," स्टॉलवाले आजोबा म्हणाले आणि मी पदक परत हातात घेतलं.

पोर्ट्समथचा जुन्या वस्तूंचा बाजार. १८८२ च्या इजिप्त मोहिमेचं चांदीचं पदक, मागे स्फिंक्स, वर तेल-एल-केबीरच्या लढाईची पट्टी, कडेला रॉयल मरीन लाइट इन्फंट्रीच्या (ब्रिटिश आरमाराचं पायदळ) एका साध्या शिपायाचं नाव कोरलेलं. पण व्हिक्टोरिया राणीच्या गालावर बारीक बारीक खड्डे. मला वाटलं पोराबाळांनी आपटलं असेल, तर म्हणे खेदिवने, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याने, दिलेला ब्राँझचा तारा शेजारीच लटकायचा, चालताना त्याची टोकं चांदीवर आपटत राहायची, म्हणून ते.

म्हणजे हा बाबा ते खरंच छातीवर लावून फिरलाय!

लढाई १३ सप्टेंबरच्या पहाटे, रात्रभर वाळवंटात चालून, आणि जेमतेम तासाभरात खलास. (आपल्या हिंदुस्थानी पलटणीही होत्या त्या मोहिमेत, त्यांनाही हेच पदक.) पेन्शनसाठी मात्र २१ वर्षं काढायला लागायची, म्हणजे बाकी सगळी जहाज, बॅरेक, कवायत, पहारा, परत जहाज.

घेतलं नाही शेवटी, पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, नातवंडांनी विकलं असेल का, की घरात ठेवायला कोणी उरलंच नाही?