नाव तेच, कर्नल वेगळा : नऊ दिवसांचा माझा अनुभव

आधी निकाल सांगते. मला तो नऊ दिवसांनी कळला, तुम्हाला दहा मिनिटांत कळला तर बरंच. आभासी मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संगणकात) स्वतः कंपाइल केलेला कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य भाग, पडत असेल, तर कर्नल आणि मॉड्यूल्स (त्याला बाहेरून जोडायचे तुकडे) एकाच बिल्डची, म्हणजे एकाच वेळी कंपाइल केलेली, आहेत ना, हे सगळ्यात आधी तपासा. आवृत्तीचा आकडा जुळतो एवढ्यावर समाधान मानू नका. मी मानलं होतं.

घरात "कर्नल परत पडला" हे माझं वाक्य आठवडाभर ऐकून आईने शेवटी विचारलं, "हे कोण साहेब आहेत आणि सारखे पडतात का?" असो.

मला क्यूएमूच्या (आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) चालू मशीनमधून नेटवर्क कार्ड काढणं आणि परत लावणं शेकडो वेळा करून बघायचं होतं. त्यासाठी लिनक्स ६.१ चा सोर्स घेतला, मेक डिफकॉन्फिग करून ठरीव पर्याय घेतले, व्हर्टिओचे (आभासी मशीनसाठीच्या डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरेंचे) पर्याय हाताने निवडले, डीबगची माहिती चालू केली आणि मेक लावून दिलं. कंपाइल पहिल्याच फटक्यात झालं. पहिल्या बूटला पडदा काळाच राहिला, कारण कर्नलच्या ओळीत कन्सोल म्हणून सीरियल पोर्ट द्यायला विसरले होते. तो दिल्यावर ते सुप्रसिद्ध पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकल्याचा संदेश, भेटलं : व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक, कंसात शून्य स्वल्पविराम शून्य. ती दोन शून्यं दिसली की समजायचं, कर्नलला रूटची, म्हणजे मुख्य, डिस्क दिसलेलीच नाही. व्हर्टिओ ब्लॉक मी मॉड्यूल म्हणून निवडलं होतं आणि इनिटरॅमएफएस (बूटला लागणारी मॉड्यूल्स आधीच मेमरीत देणारी छोटी फाइलसिस्टिम) दिलंच नव्हतं. म्हणजे डिस्क वाचणारा ड्रायव्हर त्या डिस्कवरच ठेवलेला. कपाटाची किल्ली कपाटात! व्हर्टिओ पीसीआय आणि व्हर्टिओ ब्लॉक कर्नलच्या आतच घेतले आणि गाडी चालू झाली.

व्हर्टिओ नेट, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, मात्र मॉड्यूलच ठेवलं. ते बूटला लागत नाही, म्हटलं राहू दे. गेस्टची (आभासी मशीनची) डिस्क-इमेज माउंट केली, मेक मॉड्यूल्स इन्स्टॉल (मॉड्यूल्स तिच्यात कॉपी करणारी आज्ञा) एकदा चालवलं, इमेज बंद केली. या परिच्छेदातला "एकदा" लक्षात ठेवा.

कार्ड काढायची-लावायची स्क्रिप्ट दोन दिवस बिनतक्रार चालली. मग त्याच मशीनमध्ये मॅकसेक, म्हणजे इथरनेटच्या पातळीवरचं एन्क्रिप्शन, करून बघावंसं वाटलं. कॉन्फिगमध्ये मॅकसेक चालू केलं. मॉड्यूलची भानगड नको म्हणून मुद्दाम आतच घेतलं. बीझेडइमेज, म्हणजे कर्नलची फाइल, पुन्हा बनवली. क्यूएमूला कर्नल बाहेरूनच देता येतो, त्यामुळे गेस्टच्या डिस्कला हात लावायची गरजच पडली नाही. केवढी सोय, असं वाटलंही.

स्क्रिप्ट चालवली आणि मशीन कोसळलं.

कधी कार्ड काढल्याकाढल्या पडायचं, कधी दोन मिनिटांनी भलत्याच प्रोसेसच्या नावावर. एकदा तर फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये पडलं, जिथे नेटवर्कचा काही संबंध नाही. मॅकसेकचा एकही इंटरफेस मी अजून बनवला नव्हता. तो कोड नुसता कर्नलमध्ये बसून होता. आणि मॅकसेक बंद करून कर्नल पुन्हा बनवला की सगळं सुरळीत! चालू केलं की पडणार, बंद केलं की नाही. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा? मी मॅकसेकचा कोड वाचायला घेतला. तीन दिवस वाचला. त्यात मला चूक सापडली नाही, कारण चूक तिथे नव्हती.

मधल्या काळात जे जे केलं ते सांगते, कारण त्यातलं बरंचसं एरवी उपयोगाचंच आहे.

केव्हीएम (प्रोसेसरच्या मदतीने मशीन वेगात चालवणारी सोय) बंद करून नुसत्या क्यूएमूच्या भाषांतरावर मशीन चालवलं. कासवाच्या गतीने चाललं, पण पडलं तसंच. म्हणजे प्रोसेसरच्या आभासीकरणाचा दोष नाही. होस्टकडचं, म्हणजे खऱ्या संगणकावरचं, व्हीहोस्ट (नेटवर्कचं काम होस्टच्या कर्नलकडे देणारा भाग) बंद केलं, तरी तेच. एका अनुभवी मित्राने छातीठोकपणे सांगितलं, रॅम खराब आहे. रात्रभर मेमरी टेस्ट चालवली, सकाळी एकही चूक नाही. त्याचा सल्ला चुकीचा नव्हता म्हणा, पण होस्टची रॅम खराब असती तर ती मॅकसेकचा पर्याय बघून खराब झाली नसती. एवढं तरी मला तेव्हा सुचायला हवं होतं.

मग बूटच्या ओळीत स्लब डीबग, म्हणजे कर्नलच्या मेमरीवाटपाची तपासणी, चालू केलं. याला कर्नल पुन्हा कंपाइल करावा लागत नाही, म्हणून खरं तर मी हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. ते चालू असलं की मोकळी केलेली मेमरी ६बी या बाइटने भरून ठेवली जाते. पुढच्या वेळी उप्समध्ये (कर्नल चुकल्यावर छापतो त्या अहवालात) जनरल प्रोटेक्शन फॉल्ट आला आणि पत्ता होता ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी६बी. हा आकडा ओळखीचा करून घ्या. असा पत्ता म्हणजे कुणीतरी सोडून दिलेली मेमरी दुसरं कुणीतरी अजून वापरतंय. इथे मला वाटलं, आता झालंच.

कुठलं काय. मी कॅसन चालू करून कर्नल पुन्हा बनवला. हा तपासनीस मेमरीच्या प्रत्येक वापरावर नजर ठेवतो. त्याच्या नोंदींना मेमरीचा आठवा हिस्सा लागतो, म्हणून गेस्टला जास्त मेमरी द्या, नाहीतर मशीन दुसऱ्याच कारणाने मरतं. कॅसनने लांबलचक अहवाल दिला. मेमरी कुणाची? व्हर्टिओ डिव्हाइसची. मोकळी कुणी केली? नेटवर्कच्या गाभ्याने, इंटरफेस काढताना. आता नेटवर्कचा गाभा व्हर्टिओची मेमरी का मोकळी करेल? तो तिचा मालकच नाही. मी दोन्हीकडचा कोड शेजारी-शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचला. कागदावर बाण काढले. असं होऊच शकत नव्हतं, आणि दर वेळी होत होतं.

(आठवलं म्हणून इथेच सांगते : सीरियलचं आउटपुट फाइलमध्ये लिहायला लावा. उप्सच्या पहिल्या दहा ओळींची गोष्ट महत्त्वाची असते आणि टर्मिनलमध्ये नेमकी तीच वर निघून जाते. एकापाठोपाठ अनेक उप्स आले तर पहिलाच खरा धरा, पुढचे त्याची पिलावळ असते.)

सातव्या दिवशी चिडून कार्डच बदललं. व्हर्टिओऐवजी ई-१०००. मॅकसेक चालू, स्क्रिप्ट चालू, काही पडेना. चारशे वेळा कार्ड काढलं, चारशे वेळा लावलं. म्हणजे मॅकसेक आणि व्हर्टिओ नेट यांचं मिळूनच काहीतरी बिनसतंय. हा मुद्दा बरोबर निघाला, पण यातली दुसरी गोष्ट मला दिसली नाही : डिफकॉन्फिगमध्ये ई-१००० कर्नलच्या आत असतं, आणि व्हर्टिओ नेट मी बाहेर ठेवलं होतं.

आठव्या दिवशी जीडीबी हा डीबगर जोडला. क्यूएमूला लहान एसचा पर्याय दिला की तो १२३४ पोर्टवर वाट बघतो. कर्नलच्या ओळीत नोकेएएसएलआर घाला, नाहीतर ब्रेकपॉइंट लावलेला पत्ता एक आणि कर्नल बसलेला दुसरीकडेच, असा प्रकार होतो. गाभ्यातले ब्रेकपॉइंट छान लागले. व्हर्टिओ नेटमधले लागले, पण व्हेरिएबलच्या किमती वेड्यावाकड्या दिसायच्या. मला वाटलं, कंपायलरने ऑप्टिमाइझ करून माती केली. जीडीबी खरं तेच दाखवत होता आणि मी त्यालाच खोटं पाडत होते.

नवव्या दिवशी जुन्या वळणाने गेले. व्हर्टिओ नेटच्या प्रोब फंक्शनमध्ये पहिल्याच ओळीला एक प्रिंट टाकलं : "इथे आले". मेक केलं, बूट केलं. लॉगमध्ये ती ओळ नाही. कार्ड चालतंय, पिंग जातंय, आणि कार्ड सुरू करणाऱ्या फंक्शनची पहिली ओळ छापली जात नाही! फाइल सेव्ह केली ना? केली. पुन्हा मेक, पुन्हा बूट. नाही. मग हळूच गेस्टमध्ये जाऊन मॉड्यूलच्या फाइलची तारीख बघितली.

त्या "एकदा"ची तारीख होती.

बूटच्या पहिल्या ओळीत कर्नल स्वतःचा बिल्ड क्रमांक सांगतो. माझा तेव्हा २३ होता. गेस्टमधली मॉड्यूल्स मॅकसेकच्या आधीची. माझा खरा राग इथे आहे. मॉड्यूल घेताना कर्नल व्हरमॅजिक नावाची एक ओळ जुळवून बघतो : ६.१.०, एसएमपी, प्रीएम्प्ट, मॉड अनलोड. बस. बिल्ड क्रमांक नाही, कॉन्फिगचा ठसा नाही. ओळ जुळली आणि कर्नलने ते जुनं मॉड्यूल हूं की चूं न करता आत घेतलं. मॉडव्हर्जन्स हा पर्याय चालू असता तर त्याने सिंबॉलची आवृत्ती जुळत नाही म्हणून दारातच अडवलं असतं. तो डिफकॉन्फिगमध्ये बंद असतो.

आता मॅकसेकचा काय संबंध ते. नेटवर्क कार्डाची सगळी माहिती नेट डिव्हाइस नावाच्या एका मोठ्या स्ट्रक्चरमध्ये असते, आणि त्याला लागूनच ड्रायव्हरची खाजगी जागा असते. मॅकसेक चालू केलं की त्या स्ट्रक्चरमध्ये एक पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, वाढतो. आठ बाइट फक्त. पण स्ट्रक्चर कॅशेच्या ६४ बाइटच्या ओळीला जुळवलेलं असल्यामुळे माझ्या बाबतीत एकदम ६४ बाइटने फुगलं. पाहोल हे अवजार कर्नलवर आणि जुन्या मॉड्यूलवर चालवलं, तेव्हा दोन्हीकडचे आकार शेजारी दिसले, बरोबर ६४ चा फरक. खाजगी जागा कुठे सुरू होते हे ६.१ मध्ये ड्रायव्हर कंपाइल होतानाच पक्कं होतं. जुना ड्रायव्हर जुन्या मापाने मोजत होता. त्यामुळे त्याचा पहिला पॉइंटर, व्हर्टिओ डिव्हाइसचा, नेट डिव्हाइसच्या शेवटच्या पॉइंटरवर जाऊन बसला. तो शेवटचा पॉइंटर एरवी रिकामा असतो. कार्ड काढताना गाभ्याने बघितलं, इथे काहीतरी आहे, आपलंच असणार, आणि मोकळं केलं.

कॅसनला मूळ चूक का दिसली नाही, तेही उघड आहे. दोन्ही जागा एकाच वेळी मागून घेतलेल्या एकाच तुकड्यात होत्या. त्या तुकड्याच्या आत कोण कुणाच्या पाटावर बसलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय जुनं मॉड्यूल कॅसनशिवाय कंपाइल झालेलं, म्हणजे त्याच्यावर नजर नव्हतीच.

उपाय दोन मिनिटांचा. मेक मॉड्यूल्स इन्स्टॉल. स्क्रिप्ट हजार वेळा चालवली, एकदाही पडलं नाही. आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग आला, मग झोप.

आता मी तीन गोष्टी करते. कॉन्फिगमध्ये काहीही बदललं की लोकल व्हर्जनला (आवृत्तीच्या आकड्यापुढे जोडायच्या नावाला) नवीन शेपूट लावते, म्हणजे मॉड्यूल्सचं फोल्डरच वेगळं होतं आणि जुनं चुकून उचललं जात नाही. गेस्टला मॉड्यूल्स होस्टच्या फोल्डरमधून ९पी ने वाटून देते, कॉपी करायचा प्रश्नच मिटला. आणि प्रत्येक बिल्डची व्हीएमलिनक्स फाइल (डीबगच्या माहितीसकट पूर्ण कर्नल) जपून ठेवते, कारण फॅडर-टू-लाइन या अवजाराला उप्समधला पत्ता सोर्सच्या ओळीत बदलायला त्याच बिल्डची फाइल लागते, शेजारच्या बिल्डची चालत नाही. तुम्हाला इतकं नको असेल तर सुरुवातीलाच मेक केव्हीएम गेस्ट कॉन्फिग चालवा. ते व्हर्टिओची नेहमी लागणारी मंडळी कर्नलच्या आतच घेतं. मला हे नंतर कळलं.

आणखी एक राहिलं : पडापडीच्या दिवसांत क्यूएमूला स्नॅपशॉटचा पर्याय द्या, म्हणजे डिस्कवर काही लिहिलं जात नाही. पाचव्या दिवशी माझी इमेज अशीच खराब झाली होती आणि अर्धा दिवस ती दुरुस्त करण्यात गेला. फक्त मॉड्यूल्स कॉपी करताना तो पर्याय काढायला विसरू नका. मी विसरले, आणि नवव्या दिवशीच्या संध्याकाळी गेस्टच्या आतून केलेली पहिली कॉपी रीबूटबरोबर नाहीशी झाली.

"इथे आले" ही ओळ मी अजून काढलेली नाही. तिच्यापुढे आता बिल्डचं शेपूटही छापते.