जिनिंगची शेड मिळतेय, घ्यावी का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, कुठल्याही गावची नाट्यसंस्था किंवा कलामंडळ असो, प्रश्न तोच येतो: "भाऊ, बंद पडलेल्या जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीची, शेड भाड्यानं मिळतेय. संस्थेचं बस्तान तिथं हलवावं का? छोटं नाट्यगृहच करून टाकू."

शेड जरूर घ्या, पण नाट्यगृहाचा नाद सोडा. प्रयोगाला जागा मिळते. जळगावात संभाजीराजे नाट्यगृह आहे, खुलं बालगंधर्व आहे, लहान गावात शाळेचं सभागृह तरी असतंच. मिळत नाही ती तालमीची जागा. राज्य नाट्य स्पर्धेआधीचे दोन महिने रोज संध्याकाळी तीन तास, नेपथ्य मांडलेलं तसंच ठेवून, कुणी उठवणार नाही अशी जागा. तेव्हा वर्षाची डायरी आधी मांडा. उन्हाळ्यात मुलांचं शिबिर, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी बायकांची गाणी, श्रावणात कानबाईच्या उत्सवावेळी डफावर लोकगीतं गाणारे वहीगायनवाले, गणपती उठले की नाटकाच्या तालमी, हिवाळ्यात बालनाट्य. यातलं कोण किती वाजता येणार, त्यावर जागा ठरते. समोर तीनशे खुर्च्या पक्क्या बसवल्या की यातलं निम्मं बाद होतं.

शेड बघायला दिवाळीत जाऊ नका, तेव्हा सगळंच छान दिसतं. मे महिन्यात दुपारी तीनला जा आणि नंतर एकदा भर पावसात. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की चार हातांवरचं वाक्य ऐकू येत नाही, आणि आतून कितीही कापड लावलं तरी तो आवाज पुरता जात नाही. म्हणून आषाढ-श्रावणात संहितेचं वाचन बाजूच्या पक्क्या खोलीत ठेवायचं. जिनिंगच्या आवारात ऑफिसची किंवा मुकादमाची खोली बहुधा असतेच, ती करारात मागून घ्या. उन्हासाठी मार्चअखेर पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात द्या. पावसात ते धुऊन जातात, दरवर्षी द्यावे लागतात. छपरावर फिरणारे पंखे बसवणारे खालच्या बाजूनं हवा आत यायला जाळ्या ठेवत नाहीत, मग पंखा फिरतो आणि आतली हवा तशीच राहते. एवढं करूनही मे महिन्यातलं शिबिर सकाळी सात ते दहा याच वेळेत घ्या.

आता आवाज. रिकाम्या शेडमध्ये एक टाळी वाजवा, ती घुमत राहील. हिशोब सोपा आहे: घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ नं गुणा आणि एकूण शोषणानं भागा (प्रत्येक पृष्ठभागाचे चौरस मीटर गुणिले तो आवाजाचा जेवढा हिस्सा शोषतो तो, या सगळ्यांची बेरीज). आवाज किती सेकंद रेंगाळतो ते येतं. साठ फूट लांब, तीस फूट रुंद, सोळा फूट उंच शेड म्हणजे साधारण ८१० घनमीटर. नुसत्या विटा, फरशी आणि पत्रा मिळून शोषण जेमतेम २० चौरस मीटर भरतं. म्हणजे साडेसहा सेकंद! संवादाला सव्वा सेकंदाच्या आत हवं, त्यासाठी शोषण ११० च्या आसपास लागतं. शंभर माणसं बसली की ४५ येतात. उरलेले ४५ भिंतींवर लावायचे.

त्यासाठी महागड्या फोमची गरज नाही, आपण कापसाच्या मुलखात राहतो. दोन इंच जाडीची, सहा बाय तीन फुटांची कापसाची गादी, मांजरपाटाच्या खोळीत, भिंतीपासून दोन इंच सोडून. अशा चाळीस गाद्या लागतात. मागची भिंत पूर्ण भरा. बाजूच्या भिंतींवर तीन फुटांपासून वर आठ-नऊ फुटांपर्यंत एकाआड एक लावा, समोरासमोर दोन्ही उघड्या जागा येऊ देऊ नका. नाहीतर आवाज त्या दोघींत टप्पे खात बसतो. रंगमंचामागची भिंत मात्र कडकच राहू द्या, तिनं आवाज पुढं ढकलायचा असतो. गादीला गोधडीसारखे वीतभर अंतरावर टाके घातले नाहीत तर सहा महिन्यांत सगळा कापूस खाली येऊन तळाशी पोट सुटतं. आणि ती दोन इंचांची फट खालून तारेच्या जाळीनं बंद करा. उंदरांना याहून चांगलं घर कुठं मिळणार?

एक गफलत हमखास होते. तालमीला ती शंभर माणसं नसतात, म्हणून त्याच हॉलमध्ये आवाज दोन सेकंद रेंगाळतो. नट नकळत सावकाश बोलायला शिकतात आणि स्पर्धेच्या दिवशी नाटक दहा मिनिटं लांबतं. तालमीच्या दिवसांत प्रेक्षकांच्या जागी जाड पडदे आडवे ओढून घ्यायचे.

कापूस म्हटला की आग आली. दहा लिटर कोमट पाण्यात ७०० ग्रॅम टाकणखार आणि ३०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. खोळी त्यात बुडवून न पिळता वाळवा, आतल्या कापसावर थर उलगडून फवारा. वाळल्यावर एक पट्टी बाहेर नेऊन काडी लावून बघा: काडी काढली की पट्टी विझली पाहिजे. धुतलं किंवा छत गळून भिजलं की औषध निघून जातं, पुन्हा करावं लागतं. आणि पावसाळ्यात डफ सैल पडतात, वहीवाले ते शेकणारच. त्यांच्यासाठी अंगणात पत्र्याची वेगळी आडोशाची जागा करून द्या. 'आत शेकू नका' अशी पाटी लावून काही होत नाही.

छताच्या कैच्या, म्हणजे पत्र्याखालचे त्रिकोणी सांगाडे, फक्त पत्रा पेलायला बनवलेल्या असतात. आखाजीला कुणीतरी हौसेनं झोका टांगतंच. टांगू देऊ नका, हलतं वजन वेगळं असतं. दिव्यांचा पाइपसुद्धा कैचीच्या पट्टीला मधोमध लटकवायचा नाही, जिथं पट्ट्या एकत्र येतात त्या सांध्यालाच, तेही इंजिनिअरला दाखवून. त्यापेक्षा जमिनीवरून उभे केलेले दोन खांब आणि आडवा पाइप बरा. हजार वॅटचे बारा जुने पार (PAR) दिवे लावले तर एका फेजवर पन्नासच्या वर अँपिअर जातात. दीडशे वॅटचे एलईडी घेतले तर आठात भागतं. साउंडचं सगळं सामान एकाच, पण दिव्यांच्या डिमरपासून वेगळ्या फेजवर ठेवा. तरीही स्पीकर गुणगुणत असेल तर अर्थिंगचा खड्डा बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. फेब्रुवारीपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहा.

जमीन शहाबादी असेल तर नाचणाऱ्या मुलींच्या नडग्या महिन्याभरात दुखायला लागतात. दोन इंची लाकडी पट्ट्यांखाली रबराचे तुकडे, वर बारा मिलिमीटर प्लायचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्यावर येऊ न देता. सगळीकडे नको, वीस बाय वीस फूट पुरे. वाळवीचं औषध आधी. बसायला पुढं सतरंज्या, मग खुर्च्या, मागं फूटभर उंच लेव्हलवर खुर्च्या. बांधकाम न करता तीन पायऱ्या मिळतात. बायकांचं स्वच्छतागृह वेगळं, आतून कडी आणि दिवा असलेलं. हे पहिल्या दिवशी झालं नाही तर आईबाप मुलींना पाठवत नाहीत, मग कुठल्याही सेकंदांचा हिशोब कामाचा नाही.

कागदांचं थोडक्यात. लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, आणि अकरा महिन्यांवर गाद्या-फरशीचा खर्च करू नका, निदान तीन वर्षं मागा. संस्थेचा पत्ता बदलला की धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अहवाल. जागा विकत घ्यायची असेल तर आधी तिथली परवानगी.

आणि सही करण्याआधी जोत्याजवळचा तडा बघा, काळ्या मातीवरच्या इमारतीला तो असतोच. त्यावर आडवा, बोटभर रुंद आणि पातळ प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा मारा, वर तारीख लिहा. मे महिन्यात मारलेला पट्टा सप्टेंबरातही सलग असेल तर तडा जुना आहे, बुजवून टाका. पट्टा तुटला असेल तर तडा अजून चालतोय, मग डागडुजी मालकाच्या खर्चानं असं करारात लिहून घ्या. तो नाही म्हणाला तर दुसरी शेड बघा, बंद जिनिंगला खान्देशात तोटा नाही.