किती वेळ पाण्याखाली?

अमेरिकेतील कनेटिकटमध्ये राहायला येऊन मला आठ वर्षे झाली, आणि हे राज्य विमा कंपन्यांचे आहे एवढेच मी घरी आजवर सांगत आलो होतो. हार्टफर्ड या इथल्या मुख्य शहरापासून तासाभराच्या अंतरावर ग्रोटन नावाचे गाव आहे आणि ते स्वतःला पाणबुड्यांची जागतिक राजधानी म्हणवून घेते, ही गोष्ट माझ्या फोनवरच्या बोलण्यात कधी आलीच नव्हती. गेल्या उन्हाळ्यात बाबा आले. मुंबईच्या गोदीत ३४ वर्षे फिटर म्हणून काम केलेल्या माणसाला काचेच्या उंच इमारती दाखवण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांना घेऊन थेम्स नदीच्या काठी गेलो. नाव लंडनच्या नदीचेच आहे, परंतु इथे तिला 'टेम्स' म्हणणारा माणूस परगावचा समजावा.

नदीकाठी अमेरिकी नौदलाचे पाणबुडी संग्रहालय आहे आणि तिथल्या धक्क्याला 'नॉटिलस' ही जगातील पहिली अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी कायमची बांधून ठेवली आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आत शिरण्यापूर्वीच बाबांनी विचारले, "अरे, आत हवा किती वेळ पुरते?" मला उत्तर येत नव्हते. त्यानंतर संग्रहालयात फिरताना आणि घरी आल्यावर वाचताना माझ्या लक्षात आले, की अमेरिकी पाणबुड्यांचा बहुतेक सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

या प्रश्नाचे पहिले उत्तर अर्धा तास असे होते. इथून जवळच, कनेटिकट नदीच्या मुखाशी असलेल्या सेब्रुक गावच्या डेव्हिड बुशनेल याने १७७५ मध्ये ओकच्या लाकडाची, एका माणसापुरती 'टर्टल' नावाची होडी बांधली. सप्टेंबर १७७६ मध्ये सार्जंट एझ्रा ली तिच्यात बसून, हातांनी मळसूत्री पंखे फिरवत, न्यूयॉर्क बंदरात उभ्या असलेल्या 'ईगल' या ब्रिटिश युद्धनौकेखाली गेला. तिच्या तळाला स्फोटके अडकवणे काही त्याला जमले नाही. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात, १७ फेब्रुवारी १८६४ रोजी, दक्षिणेकडच्या राज्यांच्या 'हनली' या पाणबुडीने चार्ल्स्टनच्या बाहेर 'हौसाटॉनिक' ही नौका बुडवली. शत्रूचे जहाज बुडवणारी ही जगातली पहिली पाणबुडी, परंतु त्या रात्री तीही आपल्या आठ माणसांसह परतली नाही. तिचा पंखासुद्धा माणसेच दांडा फिरवून चालवत होती, म्हणजे दमणाऱ्या माणसांना आतली हवा अधिकच लवकर अपुरी पडत होती.

हाताने दांडा फिरवण्याचा हा प्रकार जॉन हॉलंड यांनी संपवला. आयर्लंडहून आलेले आणि न्यू जर्सीतील पॅटरसन इथे शिक्षकी केलेले हे गृहस्थ अनेक वर्षे एकामागून एक पाणबुड्या बांधत राहिले. पाण्यावर असताना पेट्रोलचे इंजिन आणि पाण्याखाली गेल्यावर बॅटरीवरची विजेची मोटर, अशी जोडी त्यांनी बसवली. अमेरिकी नौदलाने ११ एप्रिल १९०० रोजी त्यांची जेमतेम ५४ फूट लांबीची नौका दीड लाख डॉलरना विकत घेतली आणि तिला 'हॉलंड' हेच नाव दिले. तिच्यासाठी उभी राहिलेली इलेक्ट्रिक बोट कंपनी आज ग्रोटनमध्ये याच नदीच्या काठी पाणबुड्या बांधते. पेट्रोलच्या वाफांचा धोका लक्षात आल्यावर डिझेल इंजिने आली, तरी मूळ जोडी पन्नासहून अधिक वर्षे टिकली.

या जोडीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. आपला 'पाणबुडी' हा शब्द बुडी मारण्यावरून आला आहे, आणि बुडी मारणाऱ्याला थोड्या वेळाने वर यावेच लागते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी पाणबुड्यांना हे वर्णन तंतोतंत लागू पडते. 'गॅटो' वर्गाची पाणबुडी सुमारे ३१२ फूट लांब होती. तिच्यात बॅटरीचे २५२ घट होते आणि पाण्यावर ती ताशी २० सागरी मैलांपर्यंत वेग घेई. पाण्याखाली मात्र, ताशी दोन सागरी मैलांच्या कासवगतीने गेले तरच, ती दोन दिवस काढू शकत असे. मग वर येऊन इंजिन चालवायचे, बॅटरी भरायची आणि श्वास घ्यायचा. आपल्या वाचकांना या जातीची एक पाणबुडी चांगलीच ठाऊक आहे, पण वेगळ्या नावाने. विक्रांतच्या मागावर येऊन डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर बुडालेली 'गाझी' ही मुळात 'डायब्लो' नावाची अमेरिकी पाणबुडी होती. महायुद्धाच्या अखेरीस बांधलेली ही नौका १९६४ मध्ये पाकिस्तानला भाड्याने देण्यात आली होती.

दुसऱ्या महायुद्धातील टॉर्पेडोंची, म्हणजे जहाजांवर पाण्याखालून सोडायच्या स्फोटक अस्त्रांची, हकिकत मी बाबांना तिथल्या बाकावर बसून सांगितली, आणि त्यांना सर्वांत जास्त रस त्यातच वाटला. मार्क १४ हा नौदलाचा मुख्य टॉर्पेडो तिन्ही बाजूंनी सदोष होता. तो ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे दहा फूट खालून जाई, त्याची चुंबकीय स्फोटयंत्रणा भरवशाची नव्हती, आणि सरळ काटकोनात आदळला तर त्याची स्फोटपिन वाकून तो फुटतच नसे. कप्तान परत येऊन तक्रार करत, तेव्हा त्यांचाच नेम चुकला असे त्यांना ऐकवले जाई. अखेर १९४२ मध्ये ॲडमिरल लॉकवूड यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मासेमारीचे जाळे पाण्यात उभे लावून त्यावर टॉर्पेडो सोडायला लावले. जाळ्याला पडलेली भोके मोजल्यावर खोलीचा वाद मिटला. पिनेचा दोष सिद्ध व्हायला आणखी एक वर्ष गेले. जुलै १९४३ मध्ये 'टिनोसा'ने जवळजवळ निश्चल झालेल्या एका जपानी तेलवाहू जहाजावर टॉर्पेडोंमागून टॉर्पेडो मारले. ते आदळल्याचे आवाज आले, स्फोट मात्र झाले नाहीत. शेवटी कप्तानाने उरलेला एकमेव टॉर्पेडो न वापरता तपासणीसाठी पर्ल हार्बरला परत नेला. मग हवाईतील एका बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो मारून पाहण्यात आले आणि कारण सापडले. बाबा म्हणाले, "वरच्यांनी एकदा वर्कशॉपमध्ये येऊन बघितलं असतं तर?" एवढे दोष असूनही, नौदलाच्या मनुष्यबळाच्या दोन टक्क्यांहून कमी असलेल्या पाणबुडी दलाने, बुडालेल्या जपानी व्यापारी जहाजांपैकी निम्म्याहून अधिक बुडवली. त्यांच्या स्वतःच्या ५२ पाणबुड्या आणि सुमारे साडेतीन हजार माणसे गेली. ग्रोटनमध्ये त्या ५२ नावांचे स्मारक आहे.

'हवा किती वेळ' या प्रश्नाचे जुने उत्तर 'नॉटिलस'ने मोडीत काढले. अणुभट्टीला जळण्यासाठी प्राणवायू लागत नाही, आणि इंजिनासाठी वर येण्याची सक्ती तिथेच संपते. हे काम पोलंडमध्ये जन्मलेल्या हायमन रिकोव्हर या अत्यंत हट्टी आणि अनेकांना नकोशा वाटणाऱ्या नौदल अधिकाऱ्याने तडीस नेले. आधी तशीच अणुभट्टी आयडाहोच्या वाळवंटात उभारून तपासण्यात आली. १७ जानेवारी १९५५ रोजी 'नॉटिलस'ने अणुशक्तीवर निघाल्याचा संदेश पाठवला, आणि त्याच वर्षी ती ग्रोटनसमोरच्या न्यू लंडनहून पोर्तो रिकोतील सान हुआनपर्यंत ९० तासांच्या आत, सारा वेळ पाण्याखालून गेली. ३ ऑगस्ट १९५८ रोजी तिने बर्फाखालून उत्तर ध्रुव गाठला. त्या मोहिमेपूर्वी तिच्या कंडेन्सरची (वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या भागाची) गळती काही केल्या सापडेना, तेव्हा खलाशांनी साध्या कपड्यांत सिएटलमधील दुकाने पालथी घालून मोटारीच्या रेडिएटरची गळती थांबवणाऱ्या द्रावाचे डबे विकत आणले आणि त्यावर काम भागले. अणुभट्टीचा भाग पाहुण्यांना बंद असल्यामुळे हिरमुसलेले बाबा या गोष्टीने एकदम खुलले.

पाण्याखाली राहण्याचा वेळ वाढला, तसा खोलीचा धोकाही वाढला. १० एप्रिल १९६३ रोजी 'थ्रेशर' ही नवी पाणबुडी केप कॉडच्या पूर्वेला खोलवरच्या चाचणीत १२९ माणसांसह बुडाली. त्यांत गोदीचे आणि कंत्राटदारांचे नागरी लोकही होते. चौकशीनुसार पाइपचा एक झाळलेला सांधा निकामी होऊन पाणी आत आले असावे, त्यामुळे विजेची उपकरणे बिघडून अणुभट्टी बंद पडली असावी, आणि टाक्यांतले पाणी ढकलून वर येण्यासाठी सोडलेली दाबाची हवा झडपांत बर्फ धरल्यामुळे अडली असावी. त्यानंतर समुद्राच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येक सांध्याची, झडपेची आणि धातूची नोंद ठेवणारी 'सबसेफ' ही पद्धत आली. १९६८ मध्ये ९९ माणसांसह 'स्कॉर्पियन' बुडाली, तिला सबसेफचे प्रमाणपत्र मिळालेले नव्हते. प्रमाणपत्र मिळालेली एकही पाणबुडी आजवर बुडालेली नाही. बाबा यावर काही बोलले नाहीत. सांधे झाळण्यात त्यांची हयात गेली आहे.

क्षेपणास्त्रांच्या पाणबुड्यांविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांच्याकडे पाहून मला कौतुकापेक्षा धसका अधिक वाटतो. ग्रोटनमध्येच एका तयार होत असलेल्या पाणबुडीचा सांगाडा मधोमध कापून, त्यात १६ क्षेपणास्त्रांचा भाग जोडून 'जॉर्ज वॉशिंग्टन' बांधली गेली आणि २० जुलै १९६० रोजी तिने पाण्याखालून पोलॅरिस क्षेपणास्त्र सोडले. अशा प्रत्येक पाणबुडीला निळी आणि सोनेरी अशा नावांचे दोन खलाशी-संच असतात. माणसे थकतात, यंत्र थकत नाही, म्हणून एक संच घरी असताना दुसरा समुद्रात असतो.

परतीच्या वाटेवर मी बाबांना त्यांच्या प्रश्नाचे आजचे उत्तर सांगितले. आताच्या पाणबुड्या पाण्याचे विघटन करून प्राणवायू मिळवतात, कार्बन डायऑक्साइड रसायनाने शोषून घेतात, गोडे पाणी समुद्रातूनच तयार करतात, आणि व्हर्जिनिया वर्गातल्या पाणबुडीच्या अणुभट्टीत तर आयुष्यभर नवे इंधन घालावे लागत नाही. संपते ते फक्त खाणे. लांबच्या फेरीवर निघताना डबाबंद अन्न कधीकधी पाणबुडीच्या आतल्या जाण्यायेण्याच्या वाटेत जमिनीवरच रचून ठेवतात, आणि ते संपेपर्यंत खलाशी त्या डब्यांवरूनच चालतात.

"म्हणजे हवेचं काही नाही," बाबा म्हणाले, "तांदूळ किती भरून घेतलेत ते बघायचं."