नॉमिनी आई होती, तरी घराचे वारस पाच निघाले

बाबा २०२१ मध्ये गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. कोथरूडचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं. सोसायटीने अर्ज आणि मृत्यूचा दाखला घेऊन आईला सभासद करून घेतलं, महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलावरही तिचं नाव लागलं. घराचं काम मार्गी लागलं, असं जो तो म्हणत होता.

२०२३ मध्ये सोसायटीचा पुनर्विकास ठरला. कोथरूडमधल्या तीस-पस्तीस वर्षं जुन्या इमारती सध्या एकामागून एक पाडल्या जात आहेत, त्यातलीच आमची. बिल्डरच्या वकिलांनी प्रत्येक सभासदाकडून मालकीचे कागद मागवले. आमच्या कागदांवर शेरा आला: सर्व वारसांची नावं आणि सह्या हव्यात.

आम्ही आमच्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सगळे कागद चाळले आणि एकच प्रश्न विचारला. "तुमचे बाबा गेले तेव्हा त्यांच्या आई होत्या का?"

होत्या. आजी आमच्याकडेच राहायची. बाबांनंतर वर्षभराने ती गेली.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांमध्ये पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्याबरोबर आईही येते, आणि सगळ्यांचा वाटा सारखा. त्यामुळे बाबा गेले त्या क्षणी फ्लॅटचे चार हिस्से झाले: आई, दादा, मी आणि आजी. पुढे आजी मृत्युपत्र न करता गेल्यावर तिचा चौथा हिस्सा तिच्या तीन मुलांमध्ये वाटला गेला. बाबांच्या वाट्याचं आम्हा भावंडांना मिळालं, उरलेलं काकाला आणि आत्याला. वकीलबाईंनी कागदावर आकडे मांडले. काकाचा बारावा हिस्सा, आत्याचा बारावा हिस्सा. घराच्या हप्त्यांत या दोघांचा एक रुपयाही नव्हता आणि तसा त्यांनी कधी दावाही केला नव्हता, पण कायद्याने ते आता आमच्या घराचे सहमालक होते.

नॉमिनीबद्दल वकीलबाईंनी जे समजावलं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार सभासद गेल्यावर नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, खरे वारस ठरेपर्यंत. सोसायटीशी बोलणार कोण, एवढंच त्यातून ठरतं. मालक कोण ते ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या रकमेबद्दल हेच सांगितलं होतं आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये शेअर्सबद्दलही.

घराचा प्रश्न सुटण्याचा सरळ मार्ग एकच होता: काका आणि आत्याने आपापला हिस्सा सोडल्याचं नोंदणीकृत हक्कसोड पत्र. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घ्या, असा सल्ला बरेच जण देत होते. स्थावर मिळकतीतला हक्क तेवढ्याने सुटत नाही. दस्ताची नोंदणी दुय्यम निबंधकांकडेच व्हावी लागते.

कायद्यापेक्षा जड गेलं ते आत्याला विचारणं. बाबांच्या तेराव्यालाच एका नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मुलीने भावासाठी सही करून द्यायची असते, तशी रीत आहे. मी नाही म्हटलं होतं आणि दादा माझ्या बाजूने ठाम उभा राहिला होता. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क १९९४ मध्येच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. बाबांची मिळकत स्वकष्टार्जित असल्याने तिच्यात तर मुलीचा वाटा १९५६ पासूनच आहे. माझा हक्क मी सोडणार नसेन, तर आत्याने तिचा सोडावा असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? म्हणून मी आणि दादा बेळगावला गेलो, आकड्यांचा तो कागद तिच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, "आत्या, हा हिस्सा तुझा आहे. तुला पैसे हवे असतील तर आम्ही देऊ." मोबदला दिला की मुद्रांक शुल्क विक्रीच्या दराने पडतं आणि न घेता सोडला तर नात्यात ते नाममात्र असतं, हेही सांगितलं. तिच्यावर दबाव येऊ नये म्हणून पुनर्विकासाचे कागद ही आमची अडचण आहे, तिची नाही, असंही बजावलं.

काकाने फोनवरच होकार दिला. आत्याने वेळ मागितला, घरी मुलांशी बोलली. पुढे तिचा फोन आला तो आईला. "वहिनी, माझ्या आईचं शेवटपर्यंत तुम्ही केलंत. माझा हिस्सा मी तुमच्या नावाने सोडणार." तिने पूर्ण माहिती घेऊन, स्वतः ठरवून सही केली, ही गोष्ट मला दस्तापेक्षा मोलाची वाटते.

मग नावांचा घोळ. आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्यात लग्नात पहिलं नावही बदललेलं. आजीचं तर रेशनकार्डावर एक, पेन्शनच्या कागदांवर दुसरं आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसरं. एकच व्यक्ती असल्याची प्रतिज्ञापत्रं करावी लागली. ज्यांच्या घरी वयस्क बायका आहेत त्यांनी त्यांच्या सगळ्या कागदांवरची नावं आजच एकदा जुळवून पाहावीत. आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. शेवटी हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात काका, आत्या, आई असे सगळे एकत्र बसले, अंगठे आणि फोटो झाले आणि दस्त नोंदला गेला.

बँकेतल्या ठेवी आईबरोबर संयुक्त नावाने होत्या, त्या लगेच मिळाल्या. शेअर्सच्या डीमॅटला मात्र नॉमिनीच नव्हता. त्यासाठी शिवाजीनगरच्या न्यायालयातून १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली उत्तराधिकार प्रमाणपत्र काढलं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, काका-आत्याची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, आणि रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी, जास्तीत जास्त ७५ हजार. हे प्रमाणपत्र ठेवी, शेअर आणि येणी यांच्यापुरतंच असतं. घर-जमिनीसाठी वारसच कोण यावर वाद किंवा शंका असेल तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखला घ्यावा लागतो. आमच्याकडे वारसांबद्दल वाद नव्हता, म्हणून ती पायरी टळली.

पुनर्विकासाच्या करारावर आई, दादा आणि मी अशा तिघांच्या सह्या झाल्या. त्यानंतर आईने स्वतःहून मृत्युपत्राचा विषय काढला. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे, तरी आम्ही ती केली. दोन साक्षीदार लागतात. ते घराबाहेरचे आणि आईपेक्षा वयाने लहान निवडले, म्हणजे उद्या गरज पडली तर सांगायला ते असतील. तिच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच दिवसाचं जोडलं. मुंबई शहरातल्या मिळकतीला तेव्हा प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, घ्यावंच लागायचं. पुण्याच्या मिळकतीला ती सक्ती नव्हती, पण एका बँकेने ओळखीच्या एका कुटुंबाकडे तरीही प्रोबेट मागितल्याचं आम्ही पाहिलं होतं, म्हणून ठेवींवर नॉमिनीही लावून घेतले आणि मृत्युपत्रात लिहिलेलीच नावं तिथे दिली.

मूळ मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवलेलं नाही. लॉकर आईच्या एकटीच्या नावावर आहे, आणि ती नसताना तो उघडायचा तर बँक आधी कागदच मागणार. ते दादाच्या कपाटात आहे, एक प्रत माझ्याकडे, आणि ते कुठे आहे हे काका आणि आत्या दोघांनाही सांगून ठेवलं आहे.