होतोय की!

मंगळवार पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. दिव्यांग दाखल्याचे आणि संजय गांधी निराधार योजनेचे, म्हणजे निराधारांना सरकारकडून दरमहा पैसे मिळतात त्या योजनेचे, किती फॉर्म भरून दिले, त्याचा हिशोब नाही. तरी आमच्या घरचंच काम पहिल्या खेपेला फसलं, आणि तेही कागदापायी नव्हे, काकांच्या तोंडापायी.

काका उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते. रोजंदारीवर. लग्न केलं नाही, रेशनकार्ड वेगळं, आमच्या घराच्या मागच्या खोलीत एकटेच राहतात. ५७व्या वर्षी पॅरालिसिस झाला. डावी बाजू लुळी पडली, वाचा मात्र शाबूत राहिली. पुढं तीच नडली.

चौथ्याच महिन्यात मी त्यांना दिव्यांग दाखल्याच्या तपासणीला घेऊन गेले होते, ते हात हलवत परत आलो. मेंदूच्या आजारात सहा महिने उलटल्याशिवाय अपंगत्व मोजत नाहीत. ही गोष्ट दुकानात बसून मला ठाऊक नसावी, याची लाज वाटली.

सहा महिने उलटल्यावर पुन्हा गेलो. काकांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. बटणं मी लावली, भांग मी पाडला. काठी रिक्षातच ठेवायला लावली. डॉक्टरांनी विचारलं, "हात वर होतो का?" काका म्हणाले, "होतोय की!" आणि दात-ओठ खाऊन खांद्यापर्यंत नेऊन दाखवला. "जिना चढता?" "चढतोय की!" घरी दोन पायऱ्या चढायच्या तर माझा नवरा मागून धरतो. पण परक्या माणसापुढं आपलं दुखणं सांगायचं म्हणजे काकांना भीक मागितल्यासारखं. दाखला हातात आला तो ३५ टक्क्यांचा. योजनेला किमान ४० लागतात.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. आजाराचं नाव काय, यावर टक्के ठरत नाहीत. त्या आजारानं तुम्हाला काय करता येईना झालंय, ते मोजतात. स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल, चालणं, तोल. समोरचा माणूस ‘होतोय की’ म्हणत असेल तर ते काय लिहिणार? आणि एका अवयवाचे ३०, दुसऱ्याचे २० असले तर सरळ बेरीज करून ५० धरत नाहीत, सूत्रानं त्याहून कमी येतात. त्यामुळं काठावरच्या माणसाला एकेक गोष्ट नीट सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

दवाखान्याबाहेर एक गृहस्थ भेटलेच. "ताई, पैशाचं बघा, ६० करून देतो." खोट्या मार्गानं दिव्यांगांच्या सवलती लाटल्या तर २०१६च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्हीही. आणि काकांना खोट्याची गरजच नव्हती. खरं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

दाखल्यातला निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. आम्ही ते केलं. मधल्या दिवसांत मी दुकानातल्या वहीत काकांचा दिवस लिहून काढला. नाडी बांधता येत नाही. भरलेली बादली उचलत नाही. रात्री लघवीला उठायला माणूस लागतो. महिन्यात दोनदा तोल जाऊन पडले, त्याच्या तारखा. डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट, फिजिओथेरपीच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेच्या क्रमानं लावलं. हे वाचून दाखवलं तेव्हा काका बराच वेळ भिंतीकडं बघत बसले. मग म्हणाले, "एवढं झालंय व्हय माझं?"

दुसऱ्या तपासणीला घरातलाच सदरा, हातात काठी. "हात वर होतो का?" काका माझ्याकडं बघून म्हणाले, "न्हाई हो पुरा." ५० टक्के मिळाले.

दाखल्यानंतर योजनेचा अर्ज तहसीलला. तो भाग त्यामानानं सरळ, फक्त चिवटपणा हवा. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, इतरांची २१ हजार. कुणाच्या सांगण्यावरून २१ हजारांत बसवायची धडपड करू नका. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो आणि बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. काकांच्या आधारवर दत्तात्रय आणि रेशनकार्डावर दत्तू, एवढ्यावरून एका कार्यालयात फाइल महिनाभर पडून राहिली. नावं आधी जुळवा, मग फॉर्म भरा. आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी तर तिचीही झेरॉक्स ठेवते, धंद्याची खोड.

पगार सुरू झाला. आमच्याकडं या पैशाला पगारच म्हणतात. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिन्याला १,५०० ऐवजी २,५०० झालेत. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण काका अजून कुठं गेलेले नाहीत.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो हे कळल्यावर काका खदखदून हसले. "जित्ता हाय हे बी दाखवायचं?" तेवढ्यासाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय त्यांनी. म्हणतात, "तिथं तरी हात वर करू दे मला."