अकरा फरश्यांवरून सुरुवात

२०२४ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वाघोलीच्या पुढच्या एका प्लॉटवरून वॉचमनदादांचा फोन आला. "ताई, मालक गेले सोडून. कुत्रं साखळीलाच हाये. पंधरा दिस झाले. मी भाकरी टाकतो, पण जवळ येऊ देत नाही."

पुण्यात आमचा सात-आठ जणांचा गट आहे. सोडून दिलेली मोठ्या जातीची कुत्री आणायची, बरी करायची आणि चांगलं घर बघून द्यायची, हे आमचं काम. त्याच मार्चमध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी आणणारं परिपत्रक काढलं होतं. रॉटवायलर त्या यादीत होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पण मधल्या काळात लोक घाबरले ते घाबरलेच. आम्हाला फोनवर फोन येत होते. त्यामुळे प्लॉटवर कोण असेल याचा अंदाज मला आधीच आला होता.

पत्र्याच्या शेडखाली, जेमतेम चार फूट साखळीवर, एक नर रॉटवायलर बसला होता. बादलीच्या तळाशी हिरवं शेवाळ होतं. आम्ही गेटमधून आत आलो तसा तो उठला. मागचे पाय लटपटत होते, तरी छाती पुढे काढून गुरगुरायला लागला.

आम्ही त्याच्याकडे पाठ करून, जरा तिरके, जमिनीवर बसून राहिलो. दोन तास. ऊन मी म्हणत होतं. शेवटी वॉचमनदादाच म्हणाले, "टाकायची आन् मागं सरायचं. उभं ऱ्हायलं की गुरगुरतंय. मागं सरलं की खातंय." त्यांनी भाकरीचा तुकडा टाकला आणि दहा पावलं मागे गेले. कुत्र्याने खाल्लं. पुढचा तुकडा जरा अलीकडे टाकला. मग आणखी अलीकडे. असं करत करत आमच्या गटातल्या एका मुलाने त्याच्या गळ्यात स्लिप लीड, म्हणजे फासासारखी सरकणारी दोरी, सरकवली, दुसऱ्याने कटरने साखळी तोडली आणि वॉचमनदादांच्या हातातल्या भाकरीमागे तो गाडीत चढला. त्या माणसाने मला त्या दिवशी सगळं शिकवलं होतं. माझ्या ते नीट लक्षात यायला अजून दोन आठवडे जायचे होते.

डॉक्टरांकडे वजन केलं तर ३१ किलो. या हाडापेराच्या नराचं पन्नासच्या आसपास भरायला हवं. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडांची रांग लागली होती. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. साखळीने मान सोलून निघाली होती. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट्स ३८ हजार आल्या. दोन लाखांच्या वर असाव्यात. गोचीडताप. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा २८ दिवसांचा कोर्स, गोळी जेवणानंतरच. दूध-दह्यातून द्यायची नाही, त्यातल्या कॅल्शियममुळे औषध अंगी लागत नाही. सासूबाईंनी दहीभात कालवून ठेवला होता, तो त्यांनी परत आत नेला आणि गोळी उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात भरली. सोमवार होता म्हणून नावही त्यांनीच ठेवलं: शंभू.

उपाशी कुत्रं बघितलं की पोटभर वाढावंसं वाटतं. हा मोह आवरावाच लागतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातले क्षार बिघडून जीवही जाऊ शकतो. म्हणून पहिले दहा दिवस दिवसातून चार वेळा थोडं थोडं. चिकन, भात, उकडलेला लाल भोपळा. कांदा-लसणाचा कणही नाही. शिवाय खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट जेवणानंतर फुगून पिळा पडण्याची भीती असते. तसं झालं तर हातात काही तासच असतात. त्यामुळे जेवणानंतर तासभर पळापळ बंद, हा नियम घरात सगळ्यांनी पाळला.

आता मी केलेली चूक सांगते, कारण ती बहुतेक जण करतात.

कोथरूडच्या आमच्या तळमजल्याच्या घरात मागचा व्हरांडा त्याला दिला होता, मध्ये लोखंडी जाळीचं फाटक. चौथ्या दिवशी भांडं ठेवून मी तिथेच उभी राहिले. तो गुरगुरला. मी जोरात "नो!" म्हणाले. तो गप्प झाला. मला वाटलं, समजलं त्याला. पाचव्या दिवशी तसंच. सहाव्या दिवशी तो गुरगुरलाच नाही. मी भांडं सरळ करायला वाकले आणि माझं मनगट त्याच्या जबड्यात होतं. त्याने दाब दिला आणि लगेच सोडलं. रक्त आलं नाही, काळानिळा डाग आठवडाभर राहिला. रेबीजची लस मी आधीच घेतलेली आहे, तरी दात लागले म्हणून त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन पुढचे दोन डोस सुरू केले. दात लागला की डॉक्टरांकडे जायचंच, जखम कितीही छोटी असो.

आमच्या गटाला मदत करणाऱ्या ट्रेनरताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आधी गुरगुरत होता ना? मग ते बंद कोणी केलं?"

मी केलं होतं. त्याच्याकडे सांगायची एकच भाषा उरली होती आणि ती मी दटावून काढून घेतली. शंभूच्या बाबतीत तर हे आणखी वाईट होतं, कारण लहानपणीच कोणीतरी त्याची शेपूट छाटली होती. शेपटीवरून कुत्र्याचं मन कळतं. तो रस्ता आधीच बंद. काळ्या चेहऱ्यावर काळे डोळे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला तर दिसला. उरला फक्त आवाज.

मग आम्ही फरश्या मोजायला सुरुवात केली. आमच्या घरात जुन्या एक फुटी फरश्या आहेत. भांडं ठेवलं की मी मागे सरत जायची आणि गुरगुर थांबली की तिथे उभी राहायची. पहिल्या दिवशी अकरा फरश्या. तिथून उकडलेल्या चिकनचा तुकडा भांड्याच्या बाजूला टाकायचा आणि पाठ फिरवून निघून जायचं. जेवणापेक्षा भारी काहीतरी घेऊन माणूस येतो आणि काही न घेता जातो, एवढंच त्याला कळायला हवं होतं. पहिले चार दिवस अकरावरच. मग दहा. दहावर तीन दिवस. एकदा घाई करून आठवर गेले, तर त्याची मान ताठ झाली, खाणं थांबलं, तो जागच्या जागी गोठला. गुरगुरीच्याही आधीची ही पायरी, आता मला दिसायला लागली होती. मी परत दहावर आले. सासूबाई वहीत तारीख आणि आकडा लिहायच्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, व्हरांड्याच्या फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायच्या आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलायच्या. भांड्याच्या वेळी मात्र फाटक बंद. घरातल्या कोणासाठीही त्याला अपवाद नव्हता.

याच दरम्यान मला वॉचमनदादा आठवले. टाकायची आन् मागं सरायचं. मी त्यांना फोन करून सांगितलं की तुमच्याच पद्धतीने चाललंय. "खातंय ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

आकडा दोनवर यायला ५३ दिवस लागले.

मुसकीचं प्रशिक्षण सोबतच चालू होतं. मुसकी म्हणजे शिक्षा नव्हे, दवाखान्यात आणि गर्दीत त्याचीच सुरक्षितता आहे. पण ती जाळीची टोपलीसारखीच हवी. कापडी पट्टीची तोंड आवळून टाकते आणि कुत्रं मुख्यतः तोंड उघडून धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतं. मे महिन्यात तसं तोंड बांधणं जिवावर बेतू शकतं. जाळीच्या मुसकीत तळाशी उकडलेल्या कलेजीचा तुकडा ठेवायचा, त्याने स्वतः नाक घालावं, खावं, काढावं. पट्टा मागून बांधायला सुरुवात केली तेव्हा तीन आठवडे झाले होते. पुढे पुढे मुसकी हातात दिसली की तो स्वतःच नाक पुढे करायचा.

फिरायला आम्ही पहाटे साडेपाचला निघायचो, डांबर तापायच्या आत. मानेची जखम भरेपर्यंत गळपट्टा नाही, फक्त छातीचा हार्नेस. "बस", "थांब", "सोड", "इकडे बघ" एवढे चारच शब्द. त्यातला "इकडे बघ" सगळ्यात कामाचा. समोरून दुसरं कुत्रं आलं की लांबूनच "इकडे बघ", त्याने बघितलं की खाऊ, आणि आम्ही वळून दुसऱ्या गल्लीत. ३१ किलोचा होता तेव्हा धरवत होता, ४५ किलोचा झाल्यावर माझ्या अंगात ती ताकद नव्हती. मोठं कुत्रं ओढून आवरता येत नाही. त्याला तुमच्याकडे बघावंसं वाटलं पाहिजे.

सोसायटीत तक्रार झालीच. पत्र आलं की असलं कुत्रं इथे ठेवता येणार नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. ती प्रत मी दिली, सोबत लसीकरणाचा कागद दिला. पण लोकांची भीती कागदाने जात नाही आणि ती खोटीही नव्हती. म्हणून मी सगळ्यांना आमच्या फिरायच्या वेळा कळवल्या आणि बाहेर मुसकी कायम ठेवली. दिवाळीपर्यंत वरच्या मजल्यावरच्या काकू "शंभूला फटाक्यांचा त्रास होत नाही ना?" असं विचारायला लागल्या.

मूळ मालकाविरुद्ध तक्रार आम्ही दिली. १९६० च्या कायद्यात प्राण्याला सोडून देणं हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. हे लिहिताना आजही राग येतो. शंभूच्या एका दिवसाच्या चिकनला त्याहून जास्त लागायचे.

प्लेटलेट्स दोन लाखांवर स्थिरावल्यावर, ऑगस्टमध्ये नसबंदी झाली. आधी करणं धोक्याचं होतं, रक्त थांबलं नसतं. नसबंदीशिवाय आम्ही कुत्रं देत नाही आणि तिथेच निम्मे इच्छुक गळतात. एकाला पैदास करायची होती. एकाला मुळशीच्या फार्महाउसवर राखणीला हवा होता, "रात्री सोडायचा, दिवसा बांधायचा". त्यांना मी नको म्हणताना माझा आवाज चढला, त्याची मला खंत नाही.

नोव्हेंबरमध्ये नाशिकहून एक बाई आल्या. वय पन्नाशीचं, आधी दोन जर्मन शेफर्ड म्हातारपणापर्यंत सांभाळलेली. तीन वेळा येऊन गेल्या. तिसऱ्या भेटीत मी त्यांना भांडं ठेवायला सांगितलं, शंभूला मुसकी न घालता, फाटकाच्या पलीकडून. माझ्याशी तो तोवर शून्य फरश्यांवर आला होता, त्यांच्याशी नव्हता. त्यांनी भांडं आत सरकवलं आणि शंभूच्या घशातून तो खोल आवाज आला. त्या दचकल्या नाहीत, दटावलं नाही. "नको का? बरं," म्हणाल्या आणि मागे गेल्या. दोन पावलं, तीन, चार. आवाज थांबला तिथे थांबल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आता काही टाकायचं असतं का?"

मी चिकनचा डबा त्यांच्या हातात दिला.

शंभू गेला त्या दिवशी सासूबाईंनी त्याच्या सामानात वहीही ठेवली. दोन रात्री मला झोप लागली नाही. व्हरांड्यातला पंखा मी उगाच चालू ठेवत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी नाशिकहून मेसेज आला. सोबत फोटो होता: भांडं, भांड्यात घुसलेलं काळं डोकं, आणि अलीकडे बराच रिकामा हॉल. खाली लिहिलं होतं, "आमच्याकडच्या फरश्या दोन फुटी आहेत. आज पाचवर थांबले."